ताई, तुम्ही फरशी वाळेपर्यंत थांबलात

ताई,

सुट्टी लागून चार दिवस झाले, तरी तुम्ही भेट दिलेलं ते पाकीट मी अजून कपाटात टाकलेलं नाही. उशाशीच आहे. तुमचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते.

शाळेत साफसफाई करते त्याला ११ वर्षं झाली. दर वर्षी सुट्टीआधी पालक वर्गणी काढून भेटी देतात हे मला माहीत असायचं, कारण दुसऱ्या दिवशी चकचकीत कागद झाडून काढायला मीच असायचे. बाईंना, सरांना मिळतं ते योग्यच आहे. जीव तोडून शिकवतात. पण एका वर्षी आमच्यातल्या एकीने धीर करून विचारलं, तर पालकांपैकी एक जण म्हणाले, "तुम्ही कंत्राटावरच्या, तुमचं कंत्राटदार बघेल." मग उरलेले दोन डबे आले. आम्ही पाच जणी. "घ्या वाटून." आम्ही हातही लावला नाही. ते शब्द अजून टोचतात.

यंदा वर्गणीचं काम तुम्ही बघत होतात. तुम्ही आलात तेव्हा मी वरच्या मजल्यावरचा पॅसेज पुसत होते. लोक सॉरी म्हणतात आणि ओल्या फरशीवरून जातात. तुम्ही वाळेपर्यंत कडेला उभ्या राहिलात. मग विचारलंत, "मावशी, तुमची ड्यूटी किती वाजता सुटते?" मला वाटलं, काही तक्रार आहे.

ताई, भेटी वाटायचा कार्यक्रम १२ ला असतो आणि आम्ही साडेअकराला सुटतो. एवढीच गोष्ट होती. ११ वर्षांत कुणी विचारली नव्हती.

शेवटच्या दिवशी तुम्ही सकाळी साडेसहाला गेटवर हजर. रात्रपाळीचे वॉचमनकाका सायकल काढत होते, त्यांना हाक मारून थांबवलंत. बसमधल्या ताईंनाही गाडी सुटायच्या आत गाठलंत. पाकीट सगळ्यांना सारखं, बाईंना तेच आणि मलाही तेच. कुणी किती वर्गणी दिली याची यादी कुठे लावली नाहीत, हेही मला फार आवडलं. ज्याला जमलं नसेल त्याचीही मान खाली गेली नाही. माणसाला माणूस म्हणून बघणारे लोक असतात, ताई. त्यांच्यामुळे पहाटे उठून कामावर यायला बळ येतं.

पाकिटात एक चिठ्ठी होती, पेन्सिलने लिहिलेली. "मी बाथरूममध्ये अडकलो होतो तेव्हा तुम्ही दाराबाहेर बसून माझ्याशी बोलत होतात." खाली बादली काढली आहे, निळी. माझी बादली निळीच आहे. मी ते विसरूनही गेले होते, त्या लेकराने लक्षात ठेवलं. नाव लिहायचं राहिलंय त्याचं.

तो कोण ते तुम्हाला ठाऊक असेल तर त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, त्या दाराची कडी आता नवीन बसवली आहे, सहज उघडते.

तुमची,
शाळेतली मावशी