ऑपरेटर बसवला, पण सांभाळणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात कृत्रिम बुद्धिमत्तेवर लेख येतात ते मी आवडीने वाचते. मॉडेलं काय काय करू शकतात, कोणाचं काम सोपं होईल, कोणाचं जाईल, हे सगळं त्यात असतं. ही मॉडेलं ज्या यंत्रांवर शिकतात आणि चालतात ती यंत्रं रोज कोण सांभाळतं, याबद्दल मात्र फारसं वाचायला मिळत नाही. माझा व्यवसाय तोच आहे. मी कंटेनर क्लस्टरची प्रशासक आहे. डेटा सायन्सचे ऑपरेटर बसवणं, चालवणं आणि वेळ आली की काढणं हे माझं रोजचं काम. ही गोष्ट आता सॉफ्टवेअर कंपन्यांपुरती राहिलेली नाही, म्हणून हे पत्र. विद्यापीठं, बँका, रुग्णालयं, संशोधन संस्था स्वतःच्या क्लस्टरवर ही सोय उभी करू लागल्या आहेत. मंजुरीच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ऑपरेटर बसवला की झालं, पुढचं सगळं तोच बघतो." या वाक्यावर विसंबून संस्था माणूस नेमत नाहीत. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

इथला ऑपरेटर म्हणजे एक प्रोग्रॅम. क्लस्टर ही एकत्र जोडलेली अनेक यंत्रं असतात. त्यांवर कामं कंटेनरमध्ये चालतात, म्हणजे प्रत्येक काम आपल्याला लागणाऱ्या लायब्ऱ्या सोबत घेऊनच येतं. कोणता कंटेनर कोणत्या यंत्रावर जाईल हे कुबरनेटिस ठरवतं. गूगलने ते २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं, आणि १.० ही आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. साध्या संकेतस्थळाला एवढं पुरतं. एक कंटेनर पडला तर दुसरा उभा राहतो, वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. डेटाबेससारख्या गोष्टींचं तसं नसतं. त्या कोणत्या क्रमाने उठवायच्या, नवी आवृत्ती कशी चढवायची, बॅकअप कधी घ्यायचा, हे जाणकारालाच ठाऊक असतं. जाणकाराचं हे ज्ञान प्रोग्रॅममध्ये उतरवायचं आणि तो प्रोग्रॅम क्लस्टरवरच चालवायचा, ही कल्पना कोअरओएस कंपनीने २०१६ मध्ये मांडली. पुढच्या वर्षी कुबरनेटिसच्या १.७ आवृत्तीत 'कस्टम रिसोर्स डेफिनिशन' आलं आणि क्लस्टरला नव्या प्रकारच्या नोंदी शिकवता येऊ लागल्या. २०१८ मध्ये रेड हॅटने कोअरओएस विकत घेतली. आज ओपनशिफ्टवर, म्हणजे रेड हॅटच्या कुबरनेटिसवर आधारित प्रणालीवर, काम करणाऱ्याचा दिवस ऑपरेटरशिवाय जात नाही.

त्याचं काम समजायला अवघड नाही. काय हवं ते आपण एका नोंदीत लिहून ठेवायचं. प्रत्यक्षात काय चाललंय ते ऑपरेटर त्या नोंदीशी सतत ताडून पाहतो, आणि फरक दिसला की प्रत्यक्षाला नोंदीसारखं करतो. डेटा सायन्सचा ऑपरेटर मॉडेलं बनवण्याची आणि चालवण्याची साधनं उभी करतो; त्याची मुख्य नोंद 'डेटासायन्सक्लस्टर' या नावाची असते. ओपनशिफ्ट एआय (२०२३ पर्यंत त्याचं नाव ओपनशिफ्ट डेटा सायन्स होतं) आणि त्याचा खुला भाऊ ओपन डेटा हब, दोन्हीकडे तीच. डॅशबोर्ड (ब्राउझरमधलं मुख्य पान), वर्कबेंच (संशोधकाची स्वतःची कामाची जागा), पाइपलाइन (क्रमाने चालणाऱ्या कामांची साखळी), मॉडेल सर्व्हिंग (तयार मॉडेल वापरायला देणं) अशा प्रत्येक घटकापुढे 'मॅनेज्ड' किंवा 'रिमूव्हड' एवढंच लिहायचं. मॅनेज्ड लिहिलं की तो घटक उभा राहतो, रिमूव्हड लिहिलं की काढला जातो. ही सोय खरोखर उत्तम आहे. पूर्वी हेच सगळं हाताने जुळवताना काय हाल व्हायचे ते आम्हालाच माहीत.

पण या नोंदीचं म्हणणं कोणीतरी नीट वाचावं लागतं. नवख्या प्रशासकाला डॅशबोर्डची एखादी मांडणी पटत नाही, तो थेट डिप्लॉयमेंट (डॅशबोर्ड कसा चालवायचा ते सांगणारी आतली नोंद) उघडून ती बदलतो आणि चहा पिऊन येतो. तोवर ती मांडणी पुन्हा होती तशी झालेली असते. ऑपरेटरने आपलं काम चोख केलेलं असतं. बदल कुठे करायचा, हे त्या मुलाला कोणी शिकवलेलंच नसतं.

बसवण्यापूर्वीची तयारीही कागदावर छोटी दिसते. किमान दोन वर्कर नोड (प्रत्यक्ष काम करणारी यंत्रं), प्रत्येकावर ८ कोअर आणि ३२ जीबी मेमरी. वापरकर्त्यांची ओळख पटवण्याची व्यवस्था. आणि डिफॉल्ट स्टोरेज क्लास, म्हणजे कोणी वेगळं सांगितलं नाही तर साठवणीची जागा कुठून द्यायची याची नोंद. जीपीयू, म्हणजे मॉडेलांचं गणित झपाट्याने करणारे प्रोसेसर, वापरायचे असतील तर आधी नोड फीचर डिस्कव्हरी (कोणत्या यंत्रात काय आहे ते ओळखणारा) आणि एनव्हिडियाचा जीपीयू ऑपरेटर, म्हणजे एका ऑपरेटरसाठी आणखी दोन. यातला स्टोरेज क्लास राहून गेला तर काय होतं ते मी अनेक ठिकाणी पाहिलंय. ऑपरेटर हिरवा दिसतो, डॅशबोर्ड छान उघडतो, सगळे टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी पहिली संशोधक येते, वर्कबेंच तयार करायचं बटण दाबते, आणि 'स्टार्टिंग' हा शब्द नुसता फिरत राहतो. आत पॉड (कंटेनर ज्यात चालतो ते वेष्टन) 'पेंडिंग'मध्ये अडकलेला असतो. पॉडचं वर्णन मागवलं की अगदी तळाशी, इव्हेंट्सच्या खाली एक ओळ असते, व्हॉल्यूमची, म्हणजे साठवणीच्या जागेची, मागणी अजून बांधली गेलेली नाही, अशी. स्टोरेज क्लासवर 'हाच डिफॉल्ट' असं सांगणारं एक अ‍ॅनोटेशन घातलं की काम होतं. पण ती तळाची ओळ वाचायला माणूस लागतो. तो नसेल तर ती संशोधक बिचारी दोन दिवस वाट पाहते आणि माहितीची सगळी फाइल आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेते. ती फाइल रुग्णांची असेल तर हे किती गंभीर आहे, ते वेगळं सांगायला नको.

माझा खरा मुद्दा अपग्रेडचा आहे.

ऑपरेटर बसवताना 'सबस्क्रिप्शन' नावाची नोंद होते. तिच्यात दोन गोष्टी ठरतात: कोणत्या चॅनेलवरून नव्या आवृत्त्या घ्यायच्या आणि त्या कोणाच्या मंजुरीने चढवायच्या. 'फास्ट' चॅनेलवर नवीन सुविधा लवकर येतात, 'स्टेबल'वर जरा दमाने. मंजुरीसाठी 'ऑटोमॅटिक' आणि 'मॅन्युअल' असे दोन पर्याय असतात. कन्सोलच्या (क्लस्टर सांभाळण्याच्या वेबपानाच्या) फॉर्मवर ऑटोमॅटिक आधीच निवडलेलं असतं, आणि घाईत बसवणारा माणूस त्याला हात लावत नाही. प्रयोगासाठीच्या क्लस्टरवर ते चालेलही. जिथे लोकांचं काम पडलेलं आहे तिथे ऑटोमॅटिक ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

एका संस्थेत मला मदतीला बोलावलं होतं. रात्री चॅनेलवर नवी आवृत्ती आली, ऑपरेटरने ती उचलली, घटक बदलले आणि त्यात काही वर्कबेंचचे पॉड नव्याने सुरू झाले. एका विद्यार्थ्याच्या मॉडेलचं प्रशिक्षण नोटबुकमध्ये (कोड लिहून तिथेच चालवायच्या पानात) दिवसभर चालू होतं, ते मधेच तुटलं. त्याच्या फाइली व्हॉल्यूमवर होत्या, त्या वाचल्या. पण त्याने पिपने (पायथनच्या लायब्ऱ्या बसवणाऱ्या आज्ञेने) घातलेल्या लायब्ऱ्या कंटेनरच्या आत होत्या. पॉड नवा म्हणजे कंटेनर नवा, त्यामुळे त्या सगळ्या गेल्या. सकाळी त्याच नोटबुकची पहिलीच ओळ लायब्ररी सापडत नाही म्हणून थांबली. "मी तर काहीच बदललं नाही," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता आणि ते खरंच होतं. प्रशासन विभागही तेच सांगत होता आणि तेही खरं होतं. बटण कोणीच दाबलं नव्हतं. निर्णय कोणाचाच नव्हता, म्हणून उत्तर द्यायलाही कोणी नव्हतं. त्या मुलाचा चेहरा आठवला की मला आजही राग येतो.

मॅन्युअल ठेवलं की नवी आवृत्ती आल्यावर 'इन्स्टॉल प्लॅन' तयार होतो आणि मंजुरीची वाट पाहत थांबतो. तेवढ्या वेळात नव्या आवृत्तीची टिपणं वाचता येतात, दुसऱ्या लहान क्लस्टरवर ती चढवून बघता येते, वापरणाऱ्यांना "शनिवारी दुपारी वर्कबेंच बंद ठेवा" असा निरोप देता येतो. हे करायलाच हवं, कारण परतीचा रस्ता नाही. ऑपरेटरची आवृत्ती मागे नेण्याची सोय ऑपरेटर लाइफसायकल मॅनेजरमध्ये, म्हणजे ऑपरेटर बसवणाऱ्या आणि अपग्रेड करणाऱ्या यंत्रणेत, नाही. एक बारकावाही सांगून ठेवते. एकाच नेमस्पेसमध्ये (क्लस्टरच्या एकाच कप्प्यात) चार ऑपरेटर कोंबले तर त्यातला एक मॅन्युअल केल्याने बाकीचेही मंजुरीसाठी अडतात, आणि एका प्लॅनला होकार दिला की त्यात शेजाऱ्याचं अपग्रेडही असू शकतं. डेटा सायन्सच्या ऑपरेटरला स्वतःची नेमस्पेस द्यावी.

अर्थात मॅन्युअल करून कोणी तिकडे फिरकलंच नाही, तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही महिनोन्‌महिने पडून राहतात. ते आणखी वाईट. म्हणून मी पुन्हा माणसाकडेच येते.

जीपीयूंबद्दल थोडक्यात. एका पॉडने जीपीयू मागितला की, वेगळी विभागणी करून ठेवलेली नसेल तर, तो अख्खा त्याच्याकडे जातो आणि पॉड बंद होईपर्यंत त्याच्याकडेच राहतो, मग आत गणित चालू असो की नोटबुक नुसती उघडी असो. निष्क्रिय नोटबुक ठरावीक वेळाने बंद करण्याची सोय डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये आहे, पण ती आपण चालू करावी लागते. ती किती तासांवर ठेवायची, कोणत्या गटाला किती कोटा द्यायचा, हे कोणताही ऑपरेटर ठरवू शकत नाही. दोन विभागप्रमुखांना समोरासमोर बसवून ते ठरवावं लागतं.

आणि काढणं. याचा विचार बसवताना कोणीच करत नाही. कन्सोलवरून ऑपरेटर अनइन्स्टॉल केला की सगळं गेलं, असा समज असतो. प्रत्यक्षात त्याने उभे केलेले घटक आणि क्लस्टरला शिकवलेल्या व्याख्या, म्हणजे कस्टम रिसोर्स डेफिनिशन, मागे राहतात. नोंदींवर 'फायनलायझर' असतात, म्हणजे "आधी आवराआवर, मग मला पुसा" अशी खूण. आवराआवर करणारा ऑपरेटरच आधी काढून टाकला तर ती खूण उतरवणार कोण? नेमस्पेस 'टर्मिनेटिंग'मध्ये लटकते आणि लटकूनच राहते. मग कोणीतरी इंटरनेटवरून आदेश उचलतो आणि फायनलायझर जबरदस्तीने खोडतो. वैतागाच्या भरात कस्टम रिसोर्स डेफिनिशन पुसली तर संपूर्ण क्लस्टरवरच्या त्या प्रकारच्या सगळ्या नोंदी तिच्याबरोबर जातात, बाजूच्या विभागाच्या चालू नोंदीसुद्धा. त्यापुढे कोणी अख्खी नेमस्पेसच उडवली तर तिच्यातल्या व्हॉल्यूमच्या मागण्या जातात, आणि स्टोरेजचं धोरण 'डिलीट' असेल, जे बहुधा असतंच, तर साठवलेला डेटाही जातो. योग्य क्रम उलटा आहे. आधी घटक रिमूव्हड करायचे, मग डेटासायन्सक्लस्टरची नोंद काढायची, मग ऑपरेटरच्या आरंभीच्या पायाभूत मांडणीची नोंद, आणि ऑपरेटर सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरी पुरी झाल्याचं डोळ्यांनी पाहून पुढची. त्याआधी व्हॉल्यूमचा बॅकअप, आणि तो बॅकअप परत उतरवून पाहिलेला.

हे सगळं मी भीती घालायला लिहीत नाही. या साधनावर माझं मनापासून प्रेम आहे. एखाद्या लहान महाविद्यालयातली मुलगी ब्राउझर उघडून दहा मिनिटांत स्वतःचं वर्कबेंच सुरू करते, तिला लिनक्सची एकही आज्ञा माहीत असावी लागत नाही, हे मी पाहिलंय आणि दर वेळी मला आनंद झालाय. तो आनंद टिकावा, म्हणून आग्रह धरते आहे.

अशा प्रकल्पांना मंजुरी देणाऱ्या संचालकांना, प्राचार्यांना, विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. प्रात्यक्षिक बघून खूश होण्याआधी एक नाव विचारा. इन्स्टॉल प्लॅनला होकार कोण देणार? ती व्यक्ती रजेवर असेल तेव्हा कोण? तिच्या कामाच्या वेळापत्रकात यासाठी राखून ठेवलेले तास आहेत का, की बाकीची नोकरी सांभाळून तिने हे रात्री बघायचं? चाचणीसाठी दुसरं क्लस्टर, निदान छोटं, अंदाजपत्रकात धरलंय का? ही उत्तरं मिळेपर्यंत सही करू नका. आणि अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी पायथन आणि मॉडेलांच्या जोडीला हाही विषय घ्यावा. वर्गात निदान एकदा तरी मुलांना ऑपरेटर बसवायला, अपग्रेड करायला आणि स्वच्छ काढायला लावावं.

आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर या कामाला थोडी जागा मिळाली, तर माझ्यासारख्या पुष्कळ जणी आणि जण आपले अनुभव लिहून पाठवतील, याची मला खात्री आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक क्लस्टर प्रशासक