परदेश सहलीत माणसांसाठीही वेळ ठेवावा

संपादक महाशय,

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की परदेश सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. किती देश, किती स्थळे, कोणते हॉटेल, जेवणात वरण-भात मिळेल की नाही, हे सारे त्यांत असते. त्या देशातली माणसे भेटतील का, याविषयी मात्र अवाक्षर नसते. कुटुंबासह केलेल्या प्रवासात अनोळखी माणसांच्या अवचित भेटी सर्वांत मोलाच्या असतात, असे माझे ठाम मत झाले आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी आम्ही सासूबाई आणि चौथीतली मुलगी यांच्यासह, स्वतःच आखणी करून, उझबेकिस्तानला गेलो होतो. ताश्कंदहून समरकंदला जाणाऱ्या अफ्रोसियोब रेल्वेत समोरच्या दांपत्याने आधी सासूबाईंचे वय विचारले आणि मग पिशवीतला गोल पाव व सुके जर्दाळू काढून पहिला वाटा त्यांच्या हातावर ठेवला. संभाषणाची अडचण थोडी मोबाइलने भागवली, थोडी मुलीने वहीत चित्रे काढून. समरकंदच्या एका चायखान्यात शेजारच्या कुटुंबाने आम्हाला आपल्या टेबलाशी बोलावून घेतले. तिथे पाहुण्याला पियाला मुद्दाम अर्धाच भरून देतात, म्हणजे तो पुन्हापुन्हा भरता येतो आणि पाहुणा निवांत बसतो.

ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्रींच्या नावाचा रस्ता आहे आणि तिथे त्यांचा अर्धपुतळाही आहे. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री, ११ तारीख लागल्यानंतर, शास्त्रीजींचे तिथे निधन झाले. सासूबाई तेव्हा शाळेत होत्या. शास्त्रीजींच्या आवाहनावरून घरातली सर्व मोठी माणसे सोमवारी रात्रीचे जेवण सोडत असत, हे त्यांना स्पष्ट आठवते. पुतळ्याची वाट विचारली, तर एक वृद्ध गृहस्थ हातातली भाजीची पिशवी घेऊन आमच्याबरोबर तिथपर्यंत चालत आले, सासूबाईंनी हात जोडले तेव्हा छातीवर हात ठेवून शेजारी उभे राहिले आणि पैशांचा विषयही न निघू देता परत गेले. एरवी फारशा न बोलणाऱ्या सासूबाई त्या संध्याकाळी नातीला १९६५ सालच्या पुण्याबद्दल बराच वेळ सांगत होत्या.

सोबत आजी आणि नात असली की लोक आपणहून पुढे येतात, असा आमचा अनुभव आहे. सावधपणा अर्थातच हवा. पारपत्र कुणाच्या हाती देऊ नये, मुलांना नजरेआड होऊ देऊ नये आणि काही विकण्यासाठी मागे लागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. परंतु अनोळखी माणूस म्हणजे धोका, एवढेच आपण मुलांना शिकवत राहिलो, तर त्यांना जग दाखवायला नेऊन काय साधणार? सहल कंपन्यांना माझी विनंती आहे की, एक दुपार मोकळी ठेवावी आणि एखादा प्रवास तरी खास बसऐवजी तिथल्या सर्वसामान्य प्रवाशांबरोबर रेल्वेने घडवावा. दोन स्थळे कमी झाली तरी चालतील.

या गोष्टीची दुसरी बाजू आपल्या शहरात आहे. मॉडेल कॉलनीतल्या, १९७५ साली सुरू झालेल्या अय्यंगार योग संस्थेत देशोदेशींचे साधक येतात. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्यांपाशी परदेशी पाहुणे दिसतात. आफ्रिका आणि पश्चिम आशियातले अनेक विद्यार्थी इथे वर्षानुवर्षे राहून शिकतात. त्यांच्याशी आपण होऊन बोलणारे पुणेकर किती? न विचारता सेल्फी काढणारे बरेच दिसतात आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. बसच्या थांब्यावर गोंधळलेल्या विद्यार्थ्याला योग्य बस दाखवून देणे, त्याच्या आईवडिलांची चौकशी करणे, यासाठी अस्खलित इंग्रजीची गरज नाही.

आमच्या शेजारच्या इमारतीत काही सुदानी विद्यार्थी राहतात. येत्या गणेशोत्सवात त्यांना सोसायटीच्या कार्यक्रमाला आणि नंतर उकडीच्या मोदकांसाठी घरी येण्याचे निमंत्रण द्यायचे आम्ही ठरवले आहे. कोथरूड, औंध, कोंढवा या भागांतल्या इतर सोसायट्यांनीही आपल्या परिसरातल्या परदेशी विद्यार्थ्यांना असे आग्रहाचे बोलावणे करावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे