डॉक्टर मॅडम, तेव्हा नाही म्हणालात त्याबद्दल थँक्यू

डॉक्टर मॅडम,

तोंडावर कधी बोलणं झालंच नाही, क्लिनिकमध्ये आलो की एकतर माझा कुत्रा बंड्या टेबलाखाली घुसलेला असतो नाहीतर बाहेर दहा जण ताटकळत बसलेले असतात, म्हणून इथेच लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण हल्ली बरेच जण विचारतात की लोकांची कुत्री रनिंगला न्यायचा धंदा तुला सुचला कसा. सुचला मला. टिकला तुमच्यामुळे.

बंड्या आठ महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट आठवतेय का बघा. लस द्यायला आणलं होतं आणि मी मोठ्या कौतुकाने सांगत होतो की हा रोज सकाळी माझ्याबरोबर सहा किलोमीटर पळतो, दमतच नाही. मला वाटलं शाबासकी मिळेल. तुम्ही त्याचा पुढचा पाय हातात घेतलात, मनगटाच्या जरा वर माझं बोट टेकवलंत आणि म्हणालात, इथे हाड अजून वाढतंय, लॅब्राडॉरच्या साइजच्या कुत्र्याचं हे सगळं पक्कं व्हायला साधारण १२ ते १८ महिने लागतात, तोवर हुंदडू दे, पण तुमच्या स्पीडने लांब पळवायचं बंद. आणि मग, "दमला तरी तो तुमच्या मागे येणारच हो, कुत्रा आहे तो." खरं सांगतो, घरी जाईपर्यंत धुसफुसत होतो. पण पळवणं बंद केलं.

पुढे नोकरी सोडली, रनिंग आणि कुत्री ही दोनच कामं मनापासून जमायची म्हणून त्याचंच काम करायचं ठरवलं, आणि पहिला फॉर्म घेऊन तुमच्याकडे आलो. त्यात मालकाचं नाव, कुत्र्याचं नाव, फोन नंबर, संपलं. तुम्ही लाल पेन काढलंत. वय, वजन, झोपेत घोरतो का, जिना चढताना लंगडतो का, शेवटचं जेवण किती वाजता, नखं कधी कापली. घोरतो का हे कशाला म्हणून मी हसलो होतो. नंतर एक पग आला, मालकांना तो बारीक करून हवा होता, आणि तेव्हा कळलं की त्या चपट्या नाकातून बिचाऱ्याला जिना चढतानाच पुरेशी हवा मिळत नाही, पळणार काय. तो पहिला क्लायंट जो मी परत पाठवला. खिशात तेव्हा काही नव्हतं, त्यामुळे लक्षात राहिलाय.

गळ्याचा पट्टाही तुम्हीच सोडवलात. पळताना झटका बसतो तो सगळा श्वासनलिकेवर, म्हणून छातीवर वाय आकारात बसणारा हार्नेस, माझ्या कमरेला पट्टा, आणि मधे ताणली जाणारी दोरी. हात मोकळे राहिले की माझं पळणंही सुधारलं, हा बोनस.

आता ती गोल्डन रिट्रीव्हरवाली सकाळ. याबद्दल मी फार कुणाला सांगितलेलं नाही. ऊन नव्हतं, आभाळ भरलेलं होतं, रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघितली, चटका नाही, म्हटलं चला. हवा मात्र नुसती दमट. कुत्र्याला घाम येतो तो पंज्यांच्या तळव्यांना जरासा, बाकी सगळी उष्णता धापा टाकून जीभ आणि तोंडातल्या ओलाव्यातून बाहेर काढायची, आणि हवाच ओली असली की तो ओलावा उडत नाही, हे मला पाठ होतं हो, पण त्या दिवशी डोक्यात फक्त ऊन होतं. तिसऱ्या किलोमीटरला त्याची जीभ टोकाला फावड्यासारखी रुंद झाली, हिरड्या लालभडक, आणि तो खाली बसला तो उठेचना. मी त्याला उचलून गाडीकडे पळत सुटलो आणि तसाच तुम्हाला फोन लावला. तुम्ही ओरडलात, "आधी पाणी ओता, मग गाडीत घाला!" बागेचा नळ होता जवळ. पोटावर, मांड्यांवर, ओतत राहिलो. ओला टॉवेल गुंडाळणार होतो, तोही नको म्हणालात, आत उष्णता कोंडते. तुमच्याकडे पोचलो तेव्हाही थर्मामीटर ४१ दाखवत होता, नॉर्मल ३८ ते ३९ असताना. त्याला रात्रभर ठेवून घेतलंत, किडनीसाठी रक्त तपासलंत. आणि मला म्हणालात, मालकांना फोन तुम्ही करायचा, मी नाही, आणि जे झालं तेच सांगायचं.

केला. हात थरथरत होते. त्यांनी ऐकून घेतलं, मग दोन दिवस काही बोलले नाहीत. आज तो कुत्रा अजून माझ्याकडे येतो, फक्त चालायला.

त्यानंतर गुडघा दुखायला लागला. सहा कुत्री, प्रत्येकी चार किलोमीटर, म्हणजे मी रोज २४ पळत होतो आणि स्वतःला लोखंडाचा समजत होतो. तुम्ही म्हणालात, कुत्र्यांचा डॉक्टर मी आहे, तुमचा कोण? आता दिवसाला तीनच रन, एका वेळी एकच कुत्रा, बाकीच्यांना संथ फिरवणं, वाट्टेल तिथे थांबून हुंगू द्यायचं. सुरुवातीला लोक म्हणायचे, नुसतं हुंगायचे पैसे कसले, पण अर्धा तास मनसोक्त हुंगलेला कुत्रा घरी जाऊन गपगुमान झोपतो हे एकदा बघितलं की पुन्हा विचारत नाहीत. निम्मी कमाई त्यातूनच होते, खोटं वाटेल. दमट दिवशी रन कॅन्सलचा मेसेज टाकतो तेव्हा दोघं-तिघं अजून कुरकुरतात. कुरकुरू देत.

फी तुम्ही त्या लाल पेनाची कधीच घेतली नाहीत, मीही आजवर विषय काढला नाही, माझीच चूक. यावेळी काढणार आहे.

बंड्याचं बूस्टर पुढच्या आठवड्यात आहे, येतोच. तो नेहमीसारखा दारातच बसकण मारेल, उचलूनच आत आणावा लागेल, आणि आता तो ३२ किलोचा आहे, तेवढं दार उघडं ठेवा.

तुमचा,
बंड्याचा बाबा