चार भिंतीचा चढ

सातारा, गुरुवार

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर नुसतं 'बरी आहे' म्हणाले, कारण हे समोरच बसले होते. आत्ता वामकुक्षी चाललीय, तोवर लिहून घेते. अक्षराकडे बघू नकोस, अंगठा रुसलाय.

नऊ वर्षं माझा आमवात म्हणजे बोटं, मनगटं, गुडघे. सकाळी तासभर कुकरचं झाकण लागत नाही, बास. मार्चमध्ये भाची आली म्हणून चार भिंतीच्या टेकडीवर निघालो, तर अर्ध्या चढावर मी मटकन बसले. आणि गंमत बघ, गुडघा त्या दिवशी गप्प होता. दमच संपला! इथल्या एका डॉक्टरांनी 'वजन कमी करा' म्हणत खोकल्याचं औषध दिलं. दोन महिने त्यातच गेले.

मग वाताच्या डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, पार खाली, बरगड्या संपतात तिथं. म्हणाले, सँडलचा चिकटपट्टा ओढल्यावर होतो ना, तसा आवाज येतोय. एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारीक सीटी स्कॅनमध्ये दिसलं, फुप्फुसाच्या जाळीला सूज आणि थोडे व्रण. अगं, हा आजार नुसता सांध्यांचा नाहीच. अंगातली राखणदार फौजच घरच्यांवर उलटते, मग सांध्याचं अस्तर काय आणि फुप्फुस काय! कुणाच्या छातीत पाणी होतं, कुणाला गाठी होतात. आणि आपण दुखतं म्हणून चालतच नाही, मग दम लागतोय हे कळणार कधी? मी तर नऊ वर्षं लिफ्ट शोधत फिरले.

तपासण्यांची तऱ्हा ऐक. नाकाला चिमटा लावून जोरात फुंकायचं. तो आकडा बरा आला, पण प्राणवायू रक्तात उतरायची ताकद कमी भरली. दुसऱ्या यंत्रात उलट, दहा सेकंद अगदी संथ, एका लयीत सोडायचं. त्यात श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजतात, अब्जात किती कण ते. माझे 18 आले. मोठ्या माणसात 25 च्या आत म्हणजे कमी, म्हणून मी खूश! डॉक्टर हसले. तो आकडा दम्यासारखी सूज ओळखायला, म्हणाले. जाळीतल्या व्रणांबद्दल त्यावरून निश्चिंत व्हायचं नाही.

मला संशय वाताच्या आठवड्याच्या गोळीचा, मेथोट्रेक्सेटचा. त्यानं क्वचित फुप्फुसाला अचानक सूज येते म्हणे, म्हणून ताप, कोरडा खोकला, दम एकदम वाढला तर लगेच गाठायचं. पण माझं हळूहळू झालंय, तेव्हा मनानं गोळी बंद करायची नाही, अशी तंबी मिळाली.

हे सगळं लिहिलं ते तुझ्या सांगलीच्या दादासाठी. त्याचाही हाच वात, वर सिगारेट. धुरानं हा वातही बळावतो आणि फुप्फुसाचा धोकाही. तो खोकला हळदीच्या पेठेतल्या धुळीवर ढकलतो. ढकलू दे, पण एकदा पाठ तपासून घे म्हणावं, खालपर्यंत. माझं नाव सांग, मला घाबरतो तो.

25 तारखेला माझी पुन्हा फुंकायची पाळी आहे. येशील? ती नळी माझ्या बोटांत ठरत नाही, मागच्या खेपेला तिथल्या मुलीनं धरली होती. तू धरलीस तर बरं वाटेल. कंदी पेढे आणून ठेवते.

तुझी,
नलू