सही कुठे अडली ते आधी बघ

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. तुझं आयफोन ॲप फोनवर चालेना: सायनिंग एरर (ॲपवरच्या डिजिटल सहीतली चूक) आला, फोन ट्रस्ट करत नाही म्हणतो, बिल्ड (कोडपासून तयार झालेलं ॲप) क्लीन करून झालं, एक्सकोड (ॲप बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर) बंद-चालू करून झालं, सर्टिफिकेट (सही करणाऱ्याचं ॲपलने दिलेलं ओळखपत्र) रिव्होक म्हणजे रद्द करून झालं, तरी जैसे थे! एका दमात तू दोन वेगळी दुखणी सांगितलीस आणि औषधं मात्र दोन्हींना तीच दिलीस. हे पत्र वाचून होईपर्यंत रिव्होकच्या बटणाला पुन्हा हात लावू नकोस. का, ते शेवटी सांगतो.

आधी अडलं कुठे ते ठरव. ॲप तीन ठिकाणी अडू शकतं: मॅकवर सही होताना, फोनवर चढताना किंवा फोनवर चढल्यानंतर उघडताना. एक्सकोडच्या लाल पट्टीत तिन्ही सारखेच भयानक दिसतात, पण लॉगमध्ये शेवटची ओळ ‘कोडसाइन’ची (सही करणाऱ्या कमांडची) आहे, इन्स्टॉलची आहे की लाँचची, एवढं पाहिलंस तरी दोन तृतीयांश शक्यता बाद होतात.

मॅकवरच अडत असेल तर टर्मिनलमध्ये (मॅकवर कमांड लिहायच्या खिडकीत) ‘सिक्युरिटी’ ही कमांड ‘फाइंड-आयडेंटिटी’सह चालव आणि पॉलिसी म्हणून ‘कोडसायनिंग’ दे. उत्तरात ‘० व्हॅलिड आयडेंटिटीज’ आलं तर सर्टिफिकेट असूनही काही उपयोग नाही. आयडेंटिटी म्हणजे सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की (जिने प्रत्यक्ष सही होते ती गुप्त किल्ली), अशी जोडी. सर्टिफिकेट ॲपलच्या साइटवरून कितीही वेळा उतरवता येतं, पण ती की ज्या मॅकवर विनंती तयार झाली तिथेच जन्मते आणि तिथेच राहते. कीचेन ॲक्सेस या मॅकवरच्या किल्ल्या-सर्टिफिकेटं सांभाळणाऱ्या ॲपमध्ये ‘माय सर्टिफिकेट्स’ उघड. सर्टिफिकेटच्या डाव्या बाजूला छोटा त्रिकोण दिसला आणि तो उघडल्यावर खाली किल्ली दिसली, तर जोडी पूर्ण आहे. सर्टिफिकेट तिथे दिसतच नसेल किंवा त्रिकोण नसेल तर ज्याच्या मॅकवर ते बनलं त्याच्याकडून ‘पी१२’ फाइल (सर्टिफिकेट आणि की यांचं एकत्र गाठोडं) एक्स्पोर्ट करून घे. ही पी१२ कोणी ओपनएसएसएल ३ हे टूल वापरून बनवली असेल तर मॅक ती घेताना पासवर्ड चुकल्याची तक्रार करतो. पासवर्ड बरोबरच असतो, नव्या आवृत्तीचं डिफॉल्ट एन्क्रिप्शन कीचेनला वाचता येत नाही. फाइल पुन्हा बनवताना ‘लेगसी’ हा पर्याय दिला की काम होतं. यात अख्खी दुपार घालवलेले लोक कमी नाहीत.

जोडी आहे, तरी ‘सेल्फ-साइन्ड रूटपर्यंत साखळी जोडता आली नाही’ अशा अर्थाची वॉर्निंग येते? मग मधला दुवा गायब आहे. तुझं सर्टिफिकेट आणि ॲपलचं रूट (सगळ्यांच्या मुळाशी असलेलं सर्टिफिकेट) यांच्यामध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूडीआर’ नावाचं इंटरमीजिएट सर्टिफिकेट असतं. त्याची जुनी प्रत ७ फेब्रुवारी २०२३ रोजी संपली. आता ‘जी३’ लागतं, ते २०३० पर्यंत चालेल. ॲपलच्या सर्टिफिकेट अथॉरिटीच्या पानावरून ते उतरव, संपलेलं कीचेनमधून काढ. आणि एक नेहमीची चूक: घाबरून आपल्या सर्टिफिकेटवर ‘ऑलवेज ट्रस्ट’ लावून टाकणं. त्याने सही सुधारत नाही, उलट बिघडते. ट्रस्टची सेटिंग ‘यूज सिस्टम डिफॉल्ट्स’वरच राहू दे.

बिल्ड सर्व्हरवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या मशिनवर) किंवा एसएसएचवरून (दुसऱ्या मॅकवर दुरून लॉगिन करून) काम करताना ‘एररसेकइंटर्नलकंपोनंट’ असा काहीही न सांगणारा एरर येतो. याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच: कीचेन कुलूपबंद आहे, किंवा की वापरू का असं विचारणारी खिडकी मॅकला उघडायची आहे आणि समोर बघायला कोणी नाही. ‘अनलॉक-कीचेन’ करणं ही अर्धीच गोष्ट. त्याच्यासोबत ‘सेट-की-पार्टिशन-लिस्ट’ चालवून ‘ॲपल-टूल’, ‘ॲपल’ आणि ‘कोडसाइन’ यांना त्या कीवर हक्क द्यावा लागतो. हे दुसरं पाऊल बहुतेक जण विसरतात.

‘रिसोर्स फोर्क किंवा फाइंडर माहिती चालणार नाही’ या अर्थाचा एरर आला तर प्रोजेक्ट डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये आहे का बघ. हे फोल्डर आयक्लाउडशी सिंक होत असतील तर फाइलींना जादा खुणा चिकटतात. प्रोजेक्ट बाहेरच्या साध्या फोल्डरमध्ये हलव आणि ‘एक्सॲटर’ कमांडने त्या खुणा पुसून टाक.

आता इन्स्टॉलच्या वेळची अडचण. इथे थोडा थांब, कारण खरा घोळ इथेच असतो आणि इथेच लोक अंदाजाने गोळ्या झाडतात. प्रोव्हिजनिंग प्रोफाइल म्हणजे ॲपलने सही केलेला एक परवाना. त्यात पाच गोष्टी लिहिलेल्या असतात: कोणती टीम, कोणता ॲप आयडी (ॲपची ॲपलकडची ओळख), कोणती सर्टिफिकेटं चालतील, कोणत्या फोनवर चालेल आणि कोणत्या एन्टायटलमेंट (पुशसारख्या खास सोयींच्या परवानग्या) वापरता येतील. पाचांपैकी एक जरी जुळलं नाही तरी फोन दार लावून घेतो. हा परवाना ॲपच्या पोटातच असतो, त्यामुळे अंदाज बांधायची गरजच नाही. आयपीए या ॲपच्या पॅकेज फाइलचं एक्स्टेन्शन बदलून झिप कर, उघड, ‘पेलोड’मध्ये ॲप सापडेल. त्यावर राइट-क्लिक करून आतला मजकूर दाखवायला सांग. ‘एम्बेडेड’ नावाची, मोबाइलप्रोव्हिजन प्रकारची फाइल दिसेल. टर्मिनलमध्ये ‘सिक्युरिटी सीएमएस’ या कमांडला कॅपिटल ‘डी’ आणि इनपुट म्हणून ही फाइल दिलीस की साधा वाचता येणारा मजकूर समोर येतो.

तो असा वाच. सगळ्यात आधी ‘एक्स्पायरेशन डेट’. फुकट ॲपल आयडीवरची पर्सनल टीम असेल तर ही तारीख बनल्यापासून फक्त ७ दिवसांची असते. आठव्या दिवशी ॲप उघडत नाही, तेव्हा कोड बिघडलेला नसतो, परवाना संपलेला असतो. फुकट खात्यावर एका फोनवर असे ३ ॲप आणि ७ दिवसांत १० ॲप आयडी, एवढीच मुभा. वर्षाला ९९ डॉलर भरलेल्या खात्यावर प्रोफाइल वर्षभर टिकतं. मग ‘प्रोव्हिजन्ड डिव्हाइसेस’ची यादी. त्यात तुझ्या फोनचा यूडीआयडी (त्या एकाच फोनचा ओळख क्रमांक) आहे का? २०१८ च्या आयफोन एक्सएसपासून पुढच्या फोनचा यूडीआयडी २५ अक्षरांचा असतो, ८ अक्षरांनंतर एक आडवी रेघ. जुन्या फोनचा ४० अक्षरांचा, रेघेशिवाय. कॉपी करताना ही रेघ गाळणारे लोक बघितलेस ना, तर तुला हसू येईल. यादीत फोन नसेल तर साइटवर नोंद करून भागत नाही. प्रोफाइलमध्ये त्याच्यापुढे टिक करून ते पुन्हा बनव, उतरव आणि बिल्ड पुन्हा कर. जुन्या बिल्डच्या पोटात जुनीच यादी असते. आणि फोन नोंदवताना हात जरा आखडता ठेव. वर्षाला प्रत्येक प्रकारची १०० उपकरणं मिळतात, एखादं बंद केलं तरी जागा लगेच मोकळी होत नाही, ती मेंबरशिपच्या नूतनीकरणालाच होते.

त्यानंतर एन्टायटलमेंट. प्रोफाइलमधली यादी एका खिडकीत ठेव. दुसऱ्या खिडकीत ‘कोडसाइन’ कमांडने ॲपमधल्या एन्टायटलमेंट छाप. दोन्हींवर ओळीओळीने बोट फिरव. बहुधा दोनच ठिकाणी फरक निघतो. ‘एपीएस-एन्व्हायर्नमेंट’ (पुश नोटिफिकेशनची सेटिंग) एकीकडे ‘डेव्हलपमेंट’ आणि दुसरीकडे ‘प्रॉडक्शन’ असतं, किंवा ॲप ग्रुप (ॲप आणि त्याच्या जोडभागांनी डेटा वाटून घ्यायची सोय) एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही. पुश किंवा ॲप ग्रुप साइटवर ॲप आयडीला नंतर जोडला असेल तर जुनं प्रोफाइल त्यापासून अनभिज्ञ राहतं, पुन्हा बनवावंच लागतं. विजेट किंवा शेअर एक्स्टेन्शन असेल तर त्याचं स्वतंत्र प्रोफाइल लागतं आणि त्याचा बंडल आयडी (ॲपचं इतर कुणाचं नसलेलं तांत्रिक नाव) मुख्य ॲपच्या बंडल आयडीनेच सुरू व्हायला हवा. मुख्य ॲप सुरळीत असून बिचारं विजेट सगळ्यांना अडवतं, हे फार वेळा होतं.

एररचे आकडेही बोलतात. सुरुवातीचं ‘०एक्स’ सोडून बघ. ‘ई८००८०१५’ म्हणजे चालणारं प्रोफाइलच सापडलं नाही. ‘ई८००८०१२’ म्हणजे हे प्रोफाइल या फोनसाठी नाही. ‘ई८००८०१६’ म्हणजे एन्टायटलमेंट जुळत नाहीत. ‘ई८००८०१७’ म्हणजे सही झाल्यावर कोणीतरी आतली फाइल बदलली, बहुधा बिल्डच्या शेवटी चालणारी एखादी स्क्रिप्ट. ‘ई८००८०१८’ म्हणजे सही केलेलं सर्टिफिकेट आता वैध नाही, तुझ्या रिव्होकनंतर हाच आला असेल तर मला नवल वाटणार नाही.

जुनी प्रोफाइलं मॅकवर साठून राहतात आणि एक्सकोड भलतीच उचलतं. एक्सकोड १५ पर्यंत ती होम फोल्डरच्या लायब्ररीत ‘मोबाइलडिव्हाइस’खाली असायची, १६ पासून त्याच लायब्ररीत ‘डेव्हलपर’, ‘एक्सकोड’, ‘यूजरडेटा’ अशा वाटेने जावं लागतं. तुझी एखादी स्क्रिप्ट अजून जुन्या जागी फाइली टाकत असेल तर तीही तपास. आणि फोनवर दुसऱ्या टीमने सही केलेलं त्याच बंडल आयडीचं ॲप आधीच असेल, तर ‘ॲप्लिकेशन-आयडेंटिफायर जुळत नाही’ म्हणून अपडेट नाकारलं जातं. आधीचं ॲप काढ, पण त्याचा डेटाही जाईल हे लक्षात ठेव.

राहिलं ॲप उघडणं आणि तो ‘ट्रस्ट’. हा शब्द ॲपलने इतक्या ठिकाणी वापरला आहे की गोंधळ होणारच. पहिला ट्रस्ट फोन आणि मॅकमधला: केबल जोडल्यावर ‘ट्रस्ट धिस कॉम्प्युटर’ विचारतो तो. चुकून नकार दिलास किंवा जोडणी बिघडली तर सेटिंग्जमध्ये जनरल, ‘ट्रान्सफर ऑर रीसेट’, रीसेट, ‘लोकेशन अँड प्रायव्हसी’. मग पुन्हा जोडल्यावर तो प्रश्न येतो. त्याआधी केबल नुसती चार्जिंगची नाही ना, आणि फोन अनलॉक आहे ना, एवढं बघ. दुसरा ट्रस्ट डेव्हलपरवरचा: फुकट खातं किंवा एंटरप्राइज सही (कंपनीच्या आतल्या वाटपासाठीची) असेल तर ‘अनट्रस्टेड डेव्हलपर’ दिसतं. जनरलमध्ये ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ उघड, डेव्हलपरचं नाव निवड, ट्रस्ट कर. आयओएस १८ पासून एंटरप्राइज ॲपसाठी फोन रीस्टार्टही करावा लागतो. यावेळी फोनला इंटरनेट लागतं, कारण तो ‘पीपीक्यू डॉट ॲपल डॉट कॉम’ या ॲपलच्या सर्व्हरला विचारून येतो. ऑफिसच्या वायफायने, व्हीपीएनने किंवा जाहिराती अडवणाऱ्या ॲपने ही वाट बंद केली असेल तर ‘व्हेरिफाय करता येत नाही’ एवढंच दिसतं. मोबाइल डेटावर एकदा करून बघ. फोनची तारीख हाताने मागेपुढे केली असेल तर तीही सरळ कर. त्या डेव्हलपरचं शेवटचं ॲप फोनवरून काढलंस की ट्रस्टही पुसला जातो, मग पुन्हा पहिल्यापासून.

तिसरा प्रकार ट्रस्ट म्हणवत नाही, पण छळ तोच: आयओएस १६ पासूनचा ‘डेव्हलपर मोड’. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’च्या तळाशी असतो, पण फोन एकदा एक्सकोडला जोडल्याशिवाय तो पर्याय दिसतच नाही. चालू केल्यावर फोन रीस्टार्ट होतो आणि अनलॉक केल्यावर पुन्हा विचारतो. त्या दुसऱ्या प्रश्नाला ‘टर्न ऑन’ म्हणून पासकोड दिला नाहीस तर मोड बंदच. टेस्टफ्लाइटवरून (चाचणीसाठी ॲप वाटायच्या ॲपलच्या सोयीतून) येणाऱ्या बिल्डला यातलं काहीच लागत नाही. त्यामुळे नुसतं चार जणांना दाखवायचं असेल तर यूडीआयडी गोळा करत बसू नकोस, टेस्टफ्लाइट वापर. बिल्ड ९० दिवस टिकतं.

ॲन्ड्रॉइडचं तू ओझरतं विचारलंस. तिथे परवाना नाही, फक्त सही सारखी राहिली पाहिजे. ‘इन्स्टॉल फेल्ड अपडेट इनकंपॅटिबल’ म्हणजे फोनवरचं ॲप वेगळ्या कीने सही केलेलं आहे. प्रत्येक मशिनवर डीबग कीस्टोअर (चाचणीच्या सहीची की ठेवणारी फाइल) आपोआप वेगळा बनतो, म्हणून सहकाऱ्याचं बिल्ड तुझ्यावर चढत नाही. टीमने एकच डीबग कीस्टोअर वाटून घ्यावा. ॲप काढूनही तोच एरर आला तर ते वर्क प्रोफाइलमध्ये किंवा फोनवरच्या दुसऱ्या यूजरकडे जिवंत असतं, तिथूनही काढ. एडीबीने (कॉम्प्युटरवरून ॲन्ड्रॉइड फोनशी बोलणाऱ्या टूलने) ‘अनऑथराइज्ड’ दाखवलं तर डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंगच्या जुन्या परवानग्या रद्द कर, केबल काढून जोड आणि फोनवर येणाऱ्या प्रश्नाला होकार दे. हाताने सही करत असशील तर क्रम पाळ: आधी ‘झिपअलाइन’ (फाइलची मांडणी), मग ‘एपीकेसायनर’ (सही). उलट केलंस तर सही मोडते. आणि प्ले स्टोअरवरच्या बिल्डमध्येच गूगल लॉगिन बंद पडलं तर बघ, तू नोंदवलेला एसएचए-१ ठसा (कीची छोटी ओळखखूण) अपलोड कीचा, म्हणजे ॲप गूगलकडे पाठवताना वापरायच्या कीचा असेल. प्ले ॲप सायनिंगमध्ये फोनवर पोचणारी सही गूगलकडच्या कीची असते, तिचा ठसाही नोंदवावा लागतो.

आता ते रिव्होक. सर्टिफिकेट रिव्होक केलं की ते ज्या ज्या प्रोफाइलमध्ये आहे ती सगळी त्या क्षणी अवैध होतात. तुझ्या सहकाऱ्यांची आणि बिल्ड सर्व्हरचीही. ॲप स्टोअरवरच्या ॲपला धक्का लागत नाही, पण एंटरप्राइज डिस्ट्रिब्यूशनचं असतं तर लोकांच्या फोनवरची ॲपं उघडायची बंद झाली असती. तुझं डेव्हलपमेंटचंच असावं अशी आशा. झालं ते झालं. आता एकाच मॅकवर एक नवं सर्टिफिकेट बनव, लगेच पी१२ एक्स्पोर्ट करून टीमच्या पासवर्ड व्हॉल्टमध्ये ठेव, साइटवर प्रत्येक प्रोफाइल उघडून त्यात हे नवं सर्टिफिकेट निवड, पुन्हा उतरव. मॅकवरची जुनी प्रोफाइलं काढून टाकल्यावरच बिल्ड कर. सर्व्हरवर बसलेली जुनी पी१२ही बदलायला विसरू नकोस.

एवढं करून अडलंच तर स्क्रीनशॉट नको. फाइंड-आयडेंटिटीचं पूर्ण उत्तर, एम्बेडेड प्रोफाइलमधून काढलेला मजकूर आणि लॉगमधल्या एररच्या वरच्या वीसेक ओळी पाठव. पी१२ किंवा तिचा पासवर्ड मात्र चुकूनही पाठवू नकोस, मलासुद्धा.

तुझा,
अनंत