रात्रीचे लँडिंग नजरेच्या भरवशावर नको

महोदय,

अमेरिकेत मेरीलँडमधील गेदर्सबर्गला २७ नोव्हेंबर २०२२ रोजी अंधारात, धुक्यात उतरू पाहणारे मूनी कंपनीचे छोटे विमान विजेच्या मनोऱ्यात अडकले. विमानातील दोघे सुदैवाने बचावले. ठरलेल्या टप्प्यांवर विमान किमान उंचीच्या खाली होते.

धुके नसतानाही धोका असतोच. धावपट्टीअलीकडे दिवे नसलेली जमीन असली की आपण फार उंचावर आहोत असे वाटते आणि वैमानिक नकळत खाली येत राहतो. म्हणून आकडे पाहावेत. तीन अंशांच्या उतारावर धावपट्टीपासून दोन सागरी मैलांवर जमिनीपासून साधारण ६०० फूट उंची हवी. ९० नॉट (ताशी ९० सागरी मैल) वेगाला मिनिटाला ४५० ते ५०० फूट उतरणे पुरे. ‘पापी’चे (धावपट्टीशेजारचे, उतरण्याचा कोन दाखवणारे दिवे) चारही दिवे लाल दिसले, म्हणजे विमान फारच खाली असले, तर उतरणे सोडून वर जावे.

हे दिवे नसलेल्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांना रात्री उतरवूच नये.

– एक वाचक