तिला आळशी म्हणण्याआधी रक्त तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी दारव्हा तालुक्यातली निवृत्त अंगणवाडी सेविका. २८ वर्षं गावच्या लेकरांची वजनं केली, गरोदर बायांना समोर बसवून लोहाच्या गोळ्या गिळायला लावल्या. माझ्याच घरात सून तीन वर्षं आजारी होती आणि मी तिला आळशी म्हणत होते. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

वैशाखात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. अशा दुपारी सगळं घर कुलरपुढे पडलेलं असायचं आणि ही आतल्या खोलीत वाकळ पांघरून निजायची. ‘काहून वं, उन्हायात वाकळ लागते तुले?’ असं मी चार बायांसमोर बोलले आहे. वेचणीला सोबतच्या बाया दिवसाला तीस-चाळीस किलो कापूस वेचायच्या, तिचा पंधरा किलोच्या वर जात नसे. जेवण चिमणीचं, तरी अंग भरत चाललेलं. आवाज घोगरा झाला, विंचरताना केसांचे पुंजके हाती येत, पोट साफ होत नसे, पाळीत फार जायचं.

तिला दाखवलंच नाही असं नाही. हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, थकवा त्याचाच म्हणून विषय मिटला. रक्त कमी होतं हे खरं. पण पाळीत इतकं जातंय कशानं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. शेवटी तालुक्याच्या एका डॉक्टर बाईंनी तिचा चेहरा पाहिला, नाडी मोजली, गळ्यावरून हात फिरवला आणि रक्तातला टीएसएच, म्हणजे थायरॉईडची तपासणी, करायला सांगितलं. आकडा आला ४८. साधारण चार-पाचच्या आत असायला हवा.

घरी येईपर्यंत गावात झालं, ‘हिचं थायरॉईड वाढलं.’ एकीनं मीठ बंद करायला सांगितलं, दुसरीनं सैंधव खायला. ही चूक घरोघरी होते, म्हणून सविस्तर लिहिते. थायरॉईड म्हणजे गळ्यात श्वासनळीच्या पुढे बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती थायरॉक्सिन हे संप्रेरक रक्तात सोडते आणि अंगातली ऊब, नाडीचा वेग, आतड्यांची हालचाल, पाळी, सगळं त्याच्या तालावर चालतं. या ग्रंथीला कामाला लावते ती मेंदूच्या बुडाशी असलेली वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी. टीएसएच हा तिचाच निरोप. मालक बांधावरून सालगड्याला हाक मारतो. गडी उठला की मालक गप्प. नाही उठला तर आवाज चढत जातो. टीएसएच ४८ म्हणजे मालक गळा फाडून ओरडतोय आणि काम मात्र पडलेलं आहे. म्हणजे आकडा वाढला होता, पण ग्रंथी मंदावली होती.

शरीरातली सगळीच संप्रेरकं एका चालीची नसतात. वावरात पायाखाली साप दिसला की छाती धडधडते, ते मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचं ॲड्रेनालिन. क्षणात येतं, थोड्या वेळात ओसरतं. थायरॉक्सिन धिमं आहे. रक्तातलं निम्मं संपायलाच आठवडा जातो. त्यामुळे उपचाराची थायरॉक्सिनची गोळी चार दिवस चुकली तरी काही वाटत नाही, बाई म्हणते बरी झाले, आणि गोळी सुटते. दुखणं महिन्या-दोन महिन्यांनी परत येतं, तेव्हा गोळी सोडल्याचं कोणाच्या ध्यानातही नसतं.

मिठाचंही बोलायला हवं. थायरॉक्सिन बनायला आयोडीन लागतं, मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम. आजच्या हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनच्या मिठानं गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मीठ तपासायच्या किटमधला थेंब मी कितीदा टाकला आहे. आयोडीनचं मीठ निळं-जांभळं होतं, आठवडी बाजारातलं खडे मीठ पांढरंच राहायचं. सैंधवात आयोडीन सहसा नसतंच, ते आरोग्याचं म्हणून महागानं घेण्यात अर्थ नाही. पण आयोडीनचं मीठ खाऊनही थायरॉईड मंदावतो. आज बऱ्याच जणींमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच आपल्या ग्रंथीवर उलटते. माझ्या सुनेचं तेच होतं. तिथे मिठानं भागत नाही, गोळीच लागते.

गोळीनंही आम्हाला फसवलं. दोन महिन्यांनी टीएसएच ३१, नावापुरता उतरलेला. डॉक्टर बाईंनी विचारलं, गोळी घेता कशी? ती सकाळच्या चहासोबत घेत होती, लोहाची गोळीही त्याच घोटात. आणि पाकीट चुलीवरच्या फळीवर, टिनाच्या छपराखाली. लोह आणि कॅल्शियम ही गोळी आतड्यात शोषू देत नाहीत. मधे चार तासांचं अंतर हवं. गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा अर्ध्या-पाऊण तासानं. उष्णतेनं तिचा जोर कमी होतो. आता पाकीट मातीच्या भिंतीच्या खोलीत कोनाड्यात ठेवतो. पुढच्या खेपेला आकडा आला ३.६. यंदा वैशाखात कुलरपुढची जागा तिनंच धरली होती.

आमच्या गावच्या शिबिरात शुगर, बीपी, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासतात. ते हवंच. पण थकवा, थंडी, जास्तीची पाळी सांगणाऱ्या बाईचा आणि प्रत्येक गरोदर बाईचा टीएसएचही त्याच सुईत व्हावा. पहिले तीन महिने गर्भाला स्वतःचं थायरॉक्सिन बनवता येत नाही, आईच्याच रक्तातून घ्यावं लागतं आणि त्याचा मेंदू घडत असतो. काही बाळं जन्मतः थायरॉईड मंद घेऊन येतात. बहुतेकदा दिसायला धडधाकट असतात. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर बुद्धी वाचते, आणि कळायला टाचेचा रक्ताचा थेंब पुरतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे. पण आमच्या वस्तीतल्या बाळंतिणींना मी विचारलं, बाळाची टाच टोचल्याचं एकीलाही आठवलं नाही. ही तपासणी यादीतून निघून आमच्या बाळंतिणींपर्यंत पोचावी, एवढं जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला आपल्या पत्रातून सांगावं.

परवा शेजारच्या एका सासूबाईंकडे गेले होते. त्यांची सून निंदणात मागे पडते म्हणून कटकट चालली होती. मी ओट्यावर बसले आणि माझ्या सुनेचे तिन्ही रिपोर्ट त्यांच्यापुढे मांडले. पोळा झाल्यावर आम्ही तिघी तालुक्याला जाणार आहोत.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(सुनेची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)